मामाजींची ढोलकी आणि डिक्कीतला एक ओम

शाळेत जायला दोन बस बदलाव्या लागत, म्हणून आम्ही ती जुनी कार घेतली. मी आंबागडाकडच्या एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवते आणि आमचं घर कारध्याला. भंडाऱ्यातल्या एका ठेकेदाराला मोठी गाडी घ्यायची होती, म्हणून त्याने ही विकायला काढली. मी इंजिन पाहिलं, टायर पाहिले, कागदपत्रं दोनदा वाचली. डिक्की उघडून पाहायचं मात्र राहून गेलं.

ती उघडली आमच्या ह्यांनी, गाडी घरी आल्यावर. ह्यांचा तांदळाचा लहानसा व्यापार आहे. गाडी म्हटली की ह्यांना आधी बोऱ्या, तांदळाची पोती दिसतात. एक बोरी खांद्यावर घेऊन ते डिक्कीपाशी गेले, झाकण वर केलं आणि तसेच उभे राहिले. आत काळ्या गालिच्याने मढवलेली एक दणकट लाकडी पेटी होती. तिच्यात जेवणाच्या ताटाएवढे दोन स्पीकर बसवलेले, आणि शेजारी अॅल्युमिनियमचा खाचाखाचांचा एक डबा, म्हणजे अॅम्प्लिफायर. बोरी सोडा, तिथे भाजीची पिशवीसुद्धा मावली नसती.

"गाडी आणली का डीजे आणला?" ह्यांनी विचारलं.

रविवारी ती पेटी काढून टाकायची असं ठरलं. ती राहिली ती मामाजींमुळे.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. माझे मामाजी तरुणपणापासून दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या खेळात, ढोलकी वाजवायचे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तिथे दंडारी होतात. एका मंडईहून दुसऱ्या मंडईला ते ढोलकी गळ्यात अडकवून सायकलवर जायचे, असं सगळे सांगतात. मी लग्न होऊन आले तेव्हाही ते वाजवतच होते. मग चार वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. पाय सावरले, बोलणं सावरलं, पण डाव्या हाताची बोटं पुरती मिटेनात. ढोलकी कपड्यात गुंडाळून आतल्या खोलीत गेली. कुणाच्या लग्नात बँड वाजला की मामाजी उठून मागच्या अंगणात जायचे.

त्यांच्या दंडारीची एक जुनी कॅसेट होती. मंडईतल्या लाउडस्पीकरवाल्याने त्या काळी मायकाजवळ बसून भरून दिलेली. माझ्या दिरांनी ती नागपूरहून पेनड्राइव्हवर उतरवून आणली होती. आम्ही ती मोबाइलवर लावायचो, पण मामाजी फारसे खूश व्हायचे नाहीत. गाणाऱ्याचा आवाज यायचा, झांजा यायच्या, ढोलकीची नुसती टक-टक यायची. "हे अर्धीच वाजून राहिली," एवढंच म्हणायचे. ते कॅसेट जुनी झाल्याबद्दल बोलत असतील असं मला वाटे.

पेटी काढायच्या आदल्या दिवशी मी त्यांना डॉक्टरांकडे भंडाऱ्याला घेऊन निघाले. नदीच्या पुलावर गाड्यांची रांग लागलेली, म्हणून वेळ जावा यासाठी पेनड्राइव्ह लावला. सुरुवातीला गाणाऱ्याने लांब आळवलं. मग ढोलकी सुरू झाली आणि माझ्या पाठीला सीटमधून धम्म असा धक्का बसला. मी दचकून मागे पाहिलं, मागून कुणी ठोकलं की काय म्हणून.

मामाजी पुतळ्यासारखे बसले होते. डोळे मोठे झालेले.

"डावी," ते म्हणाले. "बाई, हे माही डावी होय! इतके दिवस ऐकू नोहती येत!"

तेव्हा मला कळलं की अर्धी म्हणजे काय. उजव्या हाताची चाटी, म्हणजे कडेवरचा टणक बोल, मोबाइलच्या टिकलीएवढ्या स्पीकरमधूनही येते. डाव्या हाताचा घुमारा मात्र त्यातून निघतच नाही. त्याला ताटाएवढाच स्पीकर लागतो. मामाजींचा उजवा हात गुडघ्यावर चालायला लागला. लय चढत गेली, ते मान हलवायला लागले, समेवर येणार तोच पुन्हा एक जोराचा धम्म झाला आणि धक्के थांबले. गाणारा गात होता, झांजा वाजत होत्या, डावी गायब.

"काहून बंद पडली?"

पूल ओलांडून गाडी बाजूला घेतली, डिक्की उघडली. अॅम्प्लिफायरवर एरवी हिरवा दिवा असे, तो लाल झाला होता. किल्ली बंद करून पुन्हा फिरवली तर हिरवा. गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. तेच आळवणं, तीच चढती लय, आणि नेमक्या त्याच ठिकाणी लाल. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत आम्ही हे पाच वेळा केलं. पाचही वेळा डावा हात जोरात पडला की दिवा लाल.

"पाह्य, माहा हात पडला का बंद पडते," मामाजी हसत म्हणाले. लकव्यानंतर डाव्या हातावरून त्यांना विनोद करताना मी पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला तर थोडा वाढलेला निघाला. त्यांनी विचारलं, काही ताण आहे का? मामाजी म्हणाले, "ताण नाही जी, सम नाही येऊन राहिली."

परतताना मी बाजारातल्या गाड्यांच्या सजावटीच्या दुकानात थांबले. दुकानदार चाळिशीचा, कानावर पेन अडकवलेला. त्याने डिक्कीत वाकून पाहिलं आणि लगेच निकाल दिला.

"अॅम्प गेला, मॅडम. नवा टाकून देतो."

"गेला तर हळू आवाजात कसा चालतो?"

"लोड येते तवा नाही चालत ना."

"मग लोड कशाने जास्त होतो?"

त्याने डिक्कीचं झाकण लावलं. "आता हे असंच रायते, मॅडम," म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

खरं सांगायचं तर मला राग त्याचा नाही, माझा आला. गेली कित्येक वर्षं मी दहावीच्या पोरींना एकसर आणि समांतर जोडणी शिकवते. फळ्यावर रोधांचे चौकोन काढते, उत्तरं तोंडपाठ आहेत. पण घरातला साधा प्लगसुद्धा मी कधी उघडला नव्हता. ते काम ह्यांचं, नाहीतर वायरमनचं. आता ह्या बंद पेटीत दोन तारा जातात आणि आत काय आहे ते मला माहीत नाही, हे मला फार लागलं.

ह्यांना सांगितलं, पेटी अजून एक आठवडा राहू द्या. ते म्हणाले, "राहू दे. बोऱ्या मी डोक्यावर नेतो."

सोमवारी शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर मुख्याध्यापकांना विचारून घरी आणला. संध्याकाळी अंगणात पेटी उतरवली, पेचकसने स्क्रू काढले आणि स्पीकर उचलला. मागे चुंबक इतका मोठा की उचलताना कंबरेत कळ आली. प्रत्येक स्पीकरला मी दोनच टोकं असतील असं धरून चालले होते, तर निघाली चार. म्हणजे आत एक नाही, दोन कॉइल, तारेच्या दोन गुंडाळ्या. प्रत्येक कॉइलच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, चार ओम.

तारा सुट्या करून मी मीटर लावला. तीन पूर्णांक चार. पुन्हा लावला, तीन पूर्णांक चार. मला वाटलं स्पीकर बिघडला. मग विचार केला तेव्हा लक्षात आलं की स्पीकरवर लिहिलेला आकडा हा गाणं वाजताना, म्हणजे वीज सतत उलटसुलट होत असताना धरायचा असतो. माझा मीटर नुसती निवांत पडलेली तार मोजत होता. तो जरा कमीच दाखवणार. पुस्तकात हे एका ओळीत असतं. अंगणात मला त्याला अर्धा तास लागला.

मग एका जुन्या उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर आकृती काढली. ठेकेदाराच्या माणसाने चारही कॉइल समांतर जोडल्या होत्या. चार-चार ओमच्या चार वाटा शेजारी शेजारी, म्हणजे मिळून एक ओम. अॅम्प्लिफायर उलटा केला. त्याच्या पोटावर लिहिलं होतं: कमीत कमी दोन ओम. बस्स. एवढीच गोष्ट होती. तो बिचारा गेला नव्हता. त्याच्याकडून दुपटीने प्रवाह ओढला जात होता, म्हणून तो जीव वाचवायला स्वतःच बंद पडत होता.

मामाजी खाटेवर बसून हे सगळं पाहत होते. मी त्यांना ओम समजावायचा प्रयत्न केला. रोध, प्रवाह, दाब, सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे तलावाचे चारही तुडुम एकदम उघडले म्हन." तुडुम म्हणजे तलावातून शेतात पाणी सोडायची वाट. "पाळ फुटन ना मंग. आधी एक तुडुम, त्याच्या पुढं दुसरा, असं लावाचं. पाणी कमी येईन, पन तलाव रायते."

मी फळ्यापाशी इतकी वर्षं घालवली, पण एकसर जोडणी इतक्या थोडक्यात कधी सांगितली नव्हती.

मला पाहिजे होते बरोबर दोन ओम, म्हणजे अॅम्प्लिफायरची पूर्ण ताकद मिळाली असती. दोन दिवस मी तारांची मांडामांड करत होते, कागदावर. सगळ्या समांतर, एक ओम. सगळ्या एकामागे एक, सोळा. प्रत्येक स्पीकरच्या दोन कॉइल एकामागे एक लावून आठ आणि मग दोन स्पीकर शेजारी शेजारी, चार. आधी शेजारी आणि मग एकामागे एक, तरीही चार. दोन्ही स्पीकरना सारखं वाटून द्यायचं तर दोन काही येईना. स्टाफरूममध्ये डबा खाता खाता मी हेच करत बसले होते. गणिताच्या बाईंनी डोकावून पाहिलं आणि विचारलं, "मुलींना एवढं अवघड कशाला देता?"

एकच स्पीकर ठेवला तर दोन ओम येत होते. मामाजींना विचारलं. ते म्हणाले, "दोनी पायजेत." मग चार ओम ठरलं. आवाजाचा जोर जरा कमी, पण दिवा हिरवा राहणार.

रविवारी सकाळी बसले. ह्यांनी दुकान उशिरा उघडायचं ठरवलं. मदतीसाठी नाही, बघण्यासाठी. खुर्ची टाकून चहा घेऊन बसले. मी पहिला स्पीकर जोडला. मग पेटीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले आणि दुसरा जोडला. टेप गुंडाळली, पेटी डिक्कीत चढवली, अॅम्प्लिफायरला तारा दिल्या. मीटरने शेवटचं मोजलं, साधारण साडेतीन. बरोबर. किल्ली फिरवली. गाणं लावलं.

आळवणं झालं. ढोलकी सुरू झाली. टक-टक, टक-टक. लय चढली, सम आली, सम गेली. दिवा हिरवागार. आणि डावी? डावी कुठेच नाही. आवाज वाढवला. दोन्ही स्पीकर थरथरताना दिसत होते, आणि आवाज येत होता तो कुणीतरी लांब गादी झटकावी तसा.

"आता बरं झालं," हे म्हणाले. "आता कोनाले तरास नाही."

मला रडूच यायचं बाकी होतं. गणित बरोबर होतं, मीटर बरोबर होता, दिवा हिरवा होता. मी पायरीवर बसले आणि ह्यांच्या कपातला उरलेला चहा पिऊन टाकला.

मामाजी काठी टेकत डिक्कीपाशी गेले. काठी बंपरला लावून ठेवली. उजवा तळहात एका स्पीकरवर ठेवला, अगदी हलका, ढोलकीच्या पुडीवर ठेवावा तसा. मग डावा हात उजव्या हाताने उचलून दुसऱ्यावर ठेवला. डोळे मिटले. गाणं चालूच होतं. असे ते बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं असणार, म्हणून मी उठून जवळ गेले.

"बाई," ते डोळे न उघडता म्हणाले, "हे पुडी भाएर येते तवा ते पुडी अंदर जाऊन राहिली. हे इकडे, ते तिकडे. भांडून राहिल्या दोघी."

"तुमच्या डाव्या हाताला कळतं?"

"मिटत नाही तो. कळते त्याले सारं."

मी धावत आत गेले. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. पेटीपाशी येऊन तारा सुट्या केल्या आणि सेल पहिल्या स्पीकरकडून आलेल्या तारांना टेकवला. पडदा टप्पकन बाहेर आला. तीच बाजू धरून दुसऱ्याला टेकवला. पडदा आत गेला. पेटीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसताना माझं डावं-उजवं उलटलं होतं. अधिकच्या जागी उणे गेलं होतं. एक स्पीकर हवा पुढे ढकलत होता, दुसरा तीच हवा मागे ओढत होता, आणि मधल्या मध्ये मामाजींची डावी मरत होती. माझा मीटर हे कधीच सांगू शकला नसता. त्याला ओम कळतात, दिशा कळत नाही.

दोन तारांची अदलाबदल, दोन मिनिटांचं काम. किल्ली फिरवली.

यावेळी आळवणं संपायच्या आधीच आम्ही तिघे डिक्कीपाशी येऊन उभे. मग पडली ती. धम्म! स्वयंपाकघरात फडताळावरची स्टीलची ताटं वाजली. शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या. लय चढली, मामाजींचा उजवा हात गाडीच्या पत्र्यावर चालायला लागला, समेवर डावी पडली, दिवा हिरवा, पुढचं आवर्तन, पुन्हा सम, दिवा हिरवाच. मामाजींनी मान उडवली आणि "हाऽऽ!" असं जोरात ओरडले. दंडारीत ओरडत असत तसं, असं हे मला नंतर म्हणाले. लहानपणी ह्यांनी तो आवाज खूप ऐकला होता.

हे खुर्चीतून उठले, कप उचलला. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, "बोऱ्या मागच्या सीटवर मावतील."

पुढच्या आठवड्यात मी चांगल्या प्रतीची तार घ्यायला त्याच दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "मग, नवा अॅम्प कुठून टाकला?" मी त्याच्याच पावतीच्या पाठीवर आकृती काढून दाखवली. त्याने कानावरचा पेन काढून ती पुन्हा स्वतः काढून पाहिली. प्रामाणिक माणूस. म्हणाला, "मॅडम, मी दहा वर्षं झाले, जे येते ते समांतरच जोडून राहिलो." आता त्याचा महिन्यातून एकदा तरी फोन येतो. दोन कॉइलचा एकच आहे, काय करू? दोन-दोन ओमवाले दोन आलेत, कसे लावू? मी सांगते, आणि मागून मामाजी ओरडतात, "त्याले सांग, पयले सेल लावून पाह्य म्हना!"

ह्यानंतर मामाजींना एकच ध्यास लागला. कॅसेटमध्ये जो गातो तो त्यांचा जुना जोडीदार. त्याचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. आता तो पुनर्वसनाच्या नव्या गावात राहतो आणि ह्या वयातही पोराबरोबर धरणात जाळं टाकायला जातो. दोघांची भेट होऊन बरीच वर्षं झाली होती. एका सुट्टीला मी मामाजींना घेऊन गेले.

ते आजोबा घरापुढे जाळं पसरून गाठी मारत बसले होते. मामाजींना पाहून उठले, दोघांनी एकमेकांचे हात धरले. मग मामाजींनी त्यांना ओढतच गाडीकडे नेलं आणि पुढच्या सीटवर बसवलं. स्वतः मागे बसले, पेटीच्या जवळ. मी किल्ली फिरवली.

आजोबांचा तरुण आवाज गाडीत भरला. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या काचेतून नव्या गावाच्या सरळ रस्त्याकडे पाहत राहिले. ओठ हलत होते. शब्द अजून पाठ होते. मला वाटलं आता त्यांना भरून येणार. मग ढोलकी पडली. गाडी हादरली. एक आवर्तन झालं, दुसरं झालं. आजोबांच्या कपाळावर आठी आली. ते वळले.

"अरे, माहा आवाज कुठं गेला?"

"आहे ना, ऐक ना बराबर," मामाजी मागून म्हणाले.

"काय ऐकू? तुही ढोलकीच ऐकू येऊन राहिली! तवाही असाच दाबत होता मले! मी बोंबलून बोंबलून गावाचं, अना लोक म्हनत, ढोलकीवाला भारी!"

"तं होताच भारी."

"बाई, तुम्हीच सांगा," आजोबा माझ्याकडे वळले, "हे गानं होय का नुसती धबाधब?"

अॅम्प्लिफायरपासून पुढे काढलेलं एक लहानसं बटण सीटशेजारी होतं, खर्ज कमी-जास्त करण्याचं. मी ते थोडं डावीकडे फिरवलं. आजोबांचा आवाज वर आला, त्यांची आठी गेली. लगेच मागून मामाजी म्हणाले, "बाई, डावी कमी झाली." मी थोडं उजवीकडे फिरवलं. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा डावीकडे.

शेजारपाजारची माणसं जमली होती. आजोबांची सून चहा घेऊन आली आणि काचेतून आत पाहून हसायला लागली. दोन म्हातारे एकमेकांकडे बोट करून भांडत होते, आणि दोघांच्याही तोंडावरून हसू हलत नव्हतं. गाणं संपलं तेव्हा आजोबा म्हणाले, "आता पुन्हा लावा, बाई. पयल्यापासून. अना ते बटन माह्या हातात द्या."